आपल्या उसाचे नवे गिऱ्हाईक



जुलैचे दिवस. आडसाली लागणीच्या नोंदी घेत मी गट ऑफिसला बसलो होतो. बाहेर भुरभुर पाऊस चालू होता. आमचे एक जुने सभासद, ज्यांना सगळेच मामा म्हणतात, ते मोटारसायकल ढकलत आले. गाडी स्टँडला लावली आणि दारातूनच म्हणाले, "साहेब, तुमच्या इथेनॉलनं माझी गाडी खाल्ली बघा."

मी म्हणालो, "मामा, इथेनॉल माझं नाही. तुमच्या उसाचं आहे."

"मंग मला माझाच ऊस नडला म्हना की," मामा म्हणाले. चिटबॉयसकट सगळे हसले. मीही हसलो. पण संध्याकाळी घरी जाताना ते बोलणे डोक्यातून जाईना. वीस-पंचवीस वर्षे शेतकी खात्यात काम करतो आहे. बेणे, माती, पाणी, खत, उतारा यावर सभासदाशी कितीही बोलता येते. पण आपला ऊस शेवटी विकत कोण घेतो, तो माणूस काय विचार करतो, यावर मी या पानांतून कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. मामांनी तो विषय काढला, म्हणून हा लेख.

पूर्वी या गोष्टीचा विचार करायची गरजच नव्हती. कारखान्याने साखर करायची, ठरलेला हिस्सा लेव्ही म्हणून रेशनसाठी द्यायचा, उरलेली महिन्याच्या कोट्याप्रमाणे टेंडर काढून व्यापाऱ्याला द्यायची. व्यापारी पोती उचलून नेई. पुढे ती लाडूत जाते की चहात, हे आपण पाहत नव्हतो. लेव्ही २०१३ साली बंद झाली, तरी सवय तीच राहिली. साखरेला गिऱ्हाईक आहेच, ते कुठे जाणार? इथेनॉलचे तसे नाही. त्याचा खरेदीदार कागदावर तेल कंपनी असली, तरी खरा खरेदीदार पेट्रोल पंपावर रांगेत उभा असलेला गाडीवाला आहे. आणि हा माणूस फार चंचल आहे. चंचल हा शब्द मी नावे ठेवायला वापरत नाही. पुढे कारण सांगतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहण्याचा प्रयोग आपल्या शेजारीच, मनमाडला झाला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. २००१ साली मनमाड, मिरज आणि उत्तर प्रदेशात बरेलीकडे अशा तीन ठिकाणी ही चाचणी घेतली गेली. २००३ च्या जानेवारीत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम काही राज्यांत सुरू झाला आणि मग बरीच वर्षे रडतखडत चालला. खरा वेग नंतर आला. २०२२ च्या जूनमध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये गाठलेही. यालाच ई-२० म्हणतात. मामांच्या टाकीत तेच होते.

आता थोडे गणित करू. आकडे ढोबळ आहेत. एक टन उसापासून साधारण शंभर किलो साखर होते, किंवा तोच रस थेट इथेनॉलला वळवला तर सुमारे ७० लिटर इथेनॉल होते. आपला सभासद गाव, शेत, तालुका असे रोज तीसेक किलोमीटर फिरतो. वर्षाचे धरा ११ हजार किलोमीटर. लिटरला ५० ची सरासरी धरली तर २२० लिटर पेट्रोल. त्यात वीस टक्के म्हणजे ४४ लिटर इथेनॉल. ते सगळेच उसाचे धरले, तर एक मोटारसायकल वर्षाला सव्वासहाशे किलोच्या आसपास ऊस पिते. आपल्या गट ऑफिससमोर सभेच्या दिवशी शंभर गाड्या लागतात. म्हणजे साठ-पासष्ट टन ऊस, एका चांगल्या एकराचा, तिथेच उभा असतो!

पण ते "सगळेच उसाचे धरले तर" हे शब्द महत्त्वाचे आहेत. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी पहिल्या फेरीत सुमारे १,०४८ कोटी लिटर इथेनॉलचे वाटप केले. त्यात उसाच्या रसापासून आणि मळीपासूनचे सुमारे २८९ कोटी लिटर. एकट्या मक्याचे त्याहून कितीतरी जास्त, ४७८ कोटींच्या घरात. २०२४-२५ साठी रसाच्या इथेनॉलला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे दर होता आणि मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे. कन्नड, सिल्लोड, फुलंब्रीकडच्या मका लावणाऱ्या भावांना यात आनंदच आहे आणि असावा. आपल्यातलेही पुष्कळ जण खोडवा मोडून मका टाकतात. पण मोटारसायकलच्या टाकीतला आपला वाटा चार आण्यांच्या आसपास आला, ही वस्तुस्थिती आहे.

आता या गिऱ्हाइकाची चंचलता. ती समजून घ्यायला लांब जायला नको. वाळूजला जावे.

आपल्यातल्या सत्तरीच्या सभासदांना स्कूटरचे नंबर लावण्याचे दिवस आठवत असतील. बजाज चेतक १९७२ साली आली. कंपनीने किती गाड्या करायच्या हे सरकारी परवान्याने ठरत असे, आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. अनामत भरून माणसे वर्षानुवर्षे थांबत. दहा-दहा वर्षांच्या प्रतीक्षायादीच्या गोष्टी खोट्या नाहीत. मुलीच्या जन्मानंतर नंबर लावावा आणि लग्नात जावयाला द्यावी, असे थट्टेने म्हणत. त्या काळात गिऱ्हाईक काय म्हणते हे विचारण्याची कारखानदाराला गरज नव्हती. आपल्या साखरेसारखेच.

मग ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजच्या बजाज कारखान्याचे उद्घाटन झाले. गंगापूर तालुक्यातल्या माळरानावर सोळा महिन्यांत उभा राहिलेला कारखाना. आपल्या भागातली पहिली पिढी तिथे कामाला लागली. १९८६ साली एम-८० आली. या गाडीबद्दल शहरी माणसाला सांगून कळणार नाही. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मध्ये गवताचा भारा, पुढे पायात युरियाची गोणी, आणि वर मालक. बैलगाडीचे काम तिने केले आणि तक्रार केली नाही. माझ्या माहितीतल्या एका सभासदाने तिच्यावर बेण्याच्या मोळ्या वाहिल्या, नुसते वाहिलेच नाही, एका एकराची लागण त्यावर काढली.

एवढी लाडकी गाडी, पण टिकली का? नाही. १९८५ सालीच हिरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली होती. तिला ऑइल मिसळावे लागत नव्हते आणि एका लिटरात ती दुप्पट जाई. सुरुवातीला लोक म्हणाले, एवढ्या नाजूक गाडीचे गावात काय काम. दहा-पंधरा वर्षांत गावात तीच दिसू लागली. बजाजनेही दिशा बदलली. बॉक्सर, कॅलिबर, मग २००१ साली पल्सर. २००९ च्या डिसेंबरात तर कंपनीने जाहीर केले की आता स्कूटर करणेच बंद. ज्या स्कूटरसाठी लोक दहा वर्षे थांबले, तिला घ्यायला कोणी उरले नाही, असे वाटावे.

आणि गंमत पुढेच आहे. स्कूटर मेलीच नव्हती. २००१ साली होंडाची बिनगिअरची ॲक्टिव्हा आली होती आणि तिने एक असे गिऱ्हाईक शोधले, जे यादीतच नव्हते. कॉलेजला जाणारी मुलगी, शाळेवर जाणारी बाई, भाजी घेऊन बाजाराला जाणारी आपली वहिनी. किक मारावी लागत नाही, गिअर नाही, साडी अडकत नाही. आज आपल्या कार्यक्षेत्रात कोणत्याही वस्तीवर जा, ओट्यापुढे एक मोटारसायकल आणि एक स्कूटर दिसते. बजाजला २०२० साली पुन्हा चेतक आणावी लागली, पण ती पेट्रोलची नव्हती. विजेची होती.

तर हे आपले गिऱ्हाईक. आज ज्याच्यासाठी रांग लावतो, उद्या त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यात त्याची चूक नाही. आपणही हेच करतो. को ७४० ने आपल्या वडिलांचे घर बांधून दिले, पण को ८६०३२ आल्यावर आपण तिचे बेणे कुठे ठेवले? आणि फुले २६५ चे टनेज दिसल्यावर, कारखाने उताऱ्यासाठी कुरकुर करत असतानाही, खारवट जमिनीवाल्यांनी ती लावलीच ना?

शहरातून पैठणकडे निघाले की चितेगाव लागते. तिथल्या व्हिडिओकॉनची गोष्ट आपल्या संचालकांपासून कामगारांपर्यंत सर्वांनी आठवण्यासारखी आहे. धूत घराणे याच मातीतले. गंगापूरच्या साखर कारखान्याच्या उभारणीतही नंदलाल धूत यांचे नाव घेतले जाते. १९८२ च्या आशियाई खेळांनी देशाला रंगीत टीव्हीचे वेड लावले आणि ऐंशीच्या दशकात व्हिडिओकॉनने ते घराघरांत पोहोचवले. आपल्या भागातली कितीतरी मुले चितेगावला लागली. पुढे २००५ साली या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदाच विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने. मराठवाड्याचा माणूस युरोपातले कारखाने घेतो, याचा आपल्याला अभिमान वाटला होता, आणि का वाटू नये? पण नेमक्या त्याच वर्षांत गिऱ्हाईक चपट्या टीव्हीकडे वळत होते. त्यात ती जाड काचेची ट्यूबच नसते. कंपनी बुडाली त्याला इतरही कारणे आहेत. दूरसंचाराचा धंदा, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले परवाने, कर्जाचे डोंगर. २०१८ साली ती दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. पण ट्यूबची गोष्ट मला जास्त बोचते. माल उत्तम होता. करणारे हात उत्तम होते. घेणारा मात्र दुसऱ्या दुकानात जाऊन उभा होता.

चितेगावच्या पुढे बिडकीन. आता तिथे काय येते आहे ते पाहा. २०२४ च्या जूनमध्ये एथर कंपनीने ऑरिक वसाहतीत बिडकीनला विजेच्या स्कूटरचा कारखाना काढण्याचे जाहीर केले. वर्षाला दहा लाख गाड्यांच्या क्षमतेचा. पुढच्याच महिन्यात टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी वीस हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला, विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांसाठी. आपल्या सभासदांची मुले आयटीआय करून तिथे नोकरीची वाट पाहत आहेत. त्यांना ती मिळो, ही माझी मनापासून इच्छा. पण ऊस विकास अधिकारी म्हणून मला दुसरेही दिसते. विजेच्या स्कूटरला टाकीच नसते. वर मांडलेले सव्वासहाशे किलोचे गणित तिच्यापुढे शून्य होते. म्हणजे मुलगा जी गाडी बांधणार, ती बापाच्या उसाचे एक गिऱ्हाईक कमी करणार. हायब्रिडचे तसे नाही, तिला टाकी असते. टोयोटाचीच एक मोटार २०२३ साली दिल्लीत निव्वळ इथेनॉलवरही चालवून दाखवली गेली आहे. म्हणून बिडकीनला विजेच्या गाड्या किती आणि हायब्रिड किती निघतील, याकडे आपण पावसाच्या अंदाजाइतकेच लक्ष ठेवायला हवे.

गिऱ्हाईक विजेकडे का वळते? पर्यावरणासाठी थोडे, खिशासाठी जास्त. शंभर किलोमीटरला मोटारसायकल दोन लिटर पेट्रोल घेते, म्हणजे दोनशे रुपयांच्या वर. विजेच्या स्कूटरला तीनेक युनिट लागतात. बायका-मुली हे गणित आपल्यापेक्षा लवकर करतात. बॅटरी बदलण्याचा खर्च नंतर कळतो, पण ते नंतरचे. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. ज्या कारखान्यांत सहवीजनिर्मिती आहे, तिथे बगॅस जाळून केलेली वीज महावितरणला जाते. एका टन उसामागे पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस निघतो. तेव्हा विजेची गाडीही काही अंशी उसावर चालू शकते. फक्त ती वीज कोणत्या दराने घेतली जाते, तिथे गाडी अडते.

आता ब्राझीलकडे वळतो, कारण मामांच्या तक्रारीचे खरे उत्तर तिथे आहे. ब्राझीलने १९७५ साली उसाच्या अल्कोहोलवर गाड्या चालवण्याचा कार्यक्रम घेतला. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तिथे विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊ निव्वळ अल्कोहोलवर चालत. म्हणजे गिऱ्हाईक शंभर टक्के आपले. मग तेल स्वस्त झाले, साखर महाग झाली. तिथल्या कारखान्यांना साखर करणे परवडू लागले. १९८९-९० मध्ये पंपांवर अल्कोहोल मिळेना. लोकांनी दारात उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहिले आणि ठरवले, पुन्हा ही चूक करायची नाही. काही वर्षांत अल्कोहोलच्या नव्या गाड्यांची विक्री जवळजवळ शून्यावर आली. ती पुन्हा उठायला २००३ साल उजाडले, जेव्हा पेट्रोल आणि अल्कोहोल दोन्हींवर, कोणत्याही प्रमाणात चालणारी गाडी आली. यंत्राने ग्राहकाला सांगितले की तुला कोणावर विश्वास टाकण्याची गरज नाही, पंपावर जाऊन दर पाहा आणि हवे ते भर. गेलेला विश्वास परत आणायला तेरा-चौदा वर्षे आणि एक नवे इंजिन लागले.

आपल्याकडे असे काही झाले का? झाले, फक्त उलट बाजूने. २०२३ चा पाऊस कमी पडला. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने आदेश काढला, उसाचा रस इथेनॉलला वापरू नका. गाळप चालू, आसवन्यांसाठी काढलेली कर्जे चालू, आणि रस थांबला. आठवडाभरात आदेश थोडा सैल झाला, १७ लाख टन साखरेइतक्या मर्यादेपर्यंत परवानगी मिळाली. पूर्ण बंदी उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला. साखर महागू नये म्हणून ते केले असे सांगतात, आणि सरकारला खाणाऱ्याचीही काळजी घ्यावी लागते. पण या मधल्या काळात टाकी रिकामी राहिली नाही, ती मक्याने भरली. आपली जागा घेणारा तयारच होता.

म्हणून मामांशी खोटे बोलायचे नाही, असे मी ठरवले. गाडीवाल्याची तक्रार निव्वळ अफवा आहे असे म्हणणे सोपे आहे. ई-२० विरुद्धची याचिका १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, हेही खरे आहे. पण न्यायालयात जिंकल्याने ॲव्हरेज वाढत नाही. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याने शक्ती कमी असते, हे रसायनशास्त्र आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिले आहे की दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकीला वीस टक्क्यांवर तीन ते चार टक्के ॲव्हरेज कमी मिळेल, चारचाकीला सहा ते सात टक्के. म्हणजे ६० देणारी गाडी ५८ देईल. २० चा फरक पडला असे कोणी सांगितले, तर तो इथेनॉलचा नव्हे, गाडीत दुसरे काही बिघडले आहे. हे साधे आकडे पंपावर पाटी लावून सांगितले असते, तर निम्मी ओरड झाली नसती. लपवले की माणूस दुप्पट धरतो.

मामांची गाडी आम्ही तिथेच उघडून पाहिली. चौकात गॅरेज चालवणारा मुलगा आला. गाडी सोळा वर्षांची, पेट्रोलची रबरी नळी कडक होऊन चिरलेली, कार्ब्युरेटरच्या तळाला पाणी. टोपणाचे रबर गेलेले, आणि गाडी महिनाभर अर्ध्या टाकीने पाखाडीखाली उभी. इथेनॉल पाणी ओढून घेते. पेट्रोलमध्ये पाणी वेगळे तळाशी बसायचे, आता ते इथेनॉलला धरून बसते आणि दोघे मिळून खाली उतरतात. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या नव्या गाड्यांचे रबर आणि धातू ई-२० ला चालतील असे असतात. जुन्या गाडीची नळी, वायसर आणि टोपणाचे रबर एकदा बदलून घ्यावे, पावसाळ्यात टाकी फार काळ अर्धवट ठेवू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, जे कोणी सांगत नाही: फवारणीचा पेट्रोल पंप आणि गवत कापायचे यंत्र. आपण फवारणी झाली की पेट्रोलसकट पंप खोलीत टाकतो, तो चार महिन्यांनी काढतो. आता ते चालणार नाही. काम झाले की टाकी रिकामी करा, इंजिन बंद पडेपर्यंत चालवा आणि मगच ठेवा. कॅनमध्ये पेट्रोल साठवून ठेवू नका.

पावणेतीनशे रुपयांत मामांची गाडी सुरू झाली. जाताना म्हणाले, "आसं व्हय. मंग हे आधी सांगायला काय झालतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पंधरा दिवसांनी मामा पुन्हा आले, या वेळी मागच्या सीटवर बसून. गाडी नात चालवत होती, विजेची, नवी कोरी, कॉलेजला जाण्यासाठी घेतलेली. मामांनी खिशातून सात-बारा काढला, दोन एकर आडसालीची नोंद दिली, आणि नातीने चार्जर काढून विचारले, "सर, इथं प्लग कुठं हाय?" खिडकीजवळचा दाखवला. आता रोज तिथे दोन-तीन गाड्या लागतात. वीजबिलात तो खर्च कोणत्या नावे टाकायचा, हे हिशेब खात्याने मला लेखी विचारले आहे.